निंबाचं तेल आणि दोन उन्हाळ्यांची साक्ष



मृग लागला की आपल्या केळापूर तालुक्यात दोन कामं एकदमच येतात. इकडे वावरात सरकी टोबायची घाई, आणि तिकडे बांधावरच्या निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. पोरं त्यातली गोड गोड चोखून बिया फेकतात, शेळ्या खातात, उरलेल्या पावसात कुजतात. कोणी वेचल्याच तर पोतंभर निंबोळ्या व्यापाऱ्याला देते आणि चार पैसे घेते. या निंबोळीवरून जर्मनीतल्या म्युनिक शहरात दहा वर्षं एक खटला चालला, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांतल्या शेतावरच्या साक्षीनं जिंकला गेला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? आजच्या भाषणात तीच गोष्ट सांगणार आहे. झाडपाल्याच्या अर्कानं बुरशी मरते का, रोगजंतू मरतात का, हे तपासायची रीत कुठून आली आणि ती आपल्या काय कामाची, हेही तिच्यासोबत येईल.

आधी आपल्या घरापासून सुरू करू. माझी आजी ज्वारीच्या कणगीत निंबाचा वाळलेला पाला थरावर थर घालायची. गोठ्यात डास झाले की निंबाच्या पाल्याचा धूर. पोराला गोवर किंवा कांजिण्या आल्या की उशाशी निंबाचा डहाळा, आणि बरं झाल्यावर निंबाचा पाला टाकलेल्या पाण्यानं अंघोळ. पाडव्याला गुढीला निंबाचा डहाळा आणि सकाळी गुळासोबत निंबाची चटणी. तुमच्याही घरी हेच असेल. कोलामाच्या पोडावर, गोंडाच्या गावात आणि कुणब्याच्या वाड्यात रीत थोडी थोडी वेगळी, पण झाड तेच.

आता मला सांगा, आजीला हे माहीत होतं म्हणजे नेमकं काय माहीत होतं? पाला घातला की धान्याला कीड कमी लागते, हे तिनं अनेक वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाला किती घालायचा, कोणत्या किडीवर चालतो आणि कोणत्या नाही, पाल्यामुळं कीड गेली की कणगी नीट लिंपल्यामुळं गेली, हे तिनं वेगळं करून पाहिलं नव्हतं. तिला त्याची गरजही पडली नाही. अनुभव आणि तपासणी यांत एवढाच फरक आहे. अनुभव सांगतो की असं होतं. तपासणी विचारते, कशामुळं होतं, किती प्रमाणात होतं, आणि ते न घालताही झालं असतं का?

ही तपासणी करायची जी रीत आज जगभर चालते, तिची सुरुवात एका बाईच्या स्वयंपाकघरातून झाली. १८८१ सालची गोष्ट. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख नावाचे मोठे शास्त्रज्ञ रोगजंतू वाढवून पाहायचे. डोळ्यांना न दिसणारा जंतू दिसायचा तर त्याला खायला घालून त्याची वस्ती वाढवावी लागते. म्हणजे तो ठिपक्याएवढा दिसतो. त्यासाठी ते जिलेटिनचा, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या चिकट पदार्थाचा थर वापरायचे. पण उन्हाळा आला की तो वितळायचा, आणि काही जंतू तर तो थरच खाऊन पातळ करून टाकायचे. त्यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची बायको फॅनी हेस घर सांभाळून नवऱ्याच्या कामात मदत करायची, जंतूंची चित्रं काढायची. नवऱ्यानं तिला विचारलं, तुझा घट्ट केलेला गोड पदार्थ उन्हाळ्यात कसा वितळत नाही? तिनं सांगितलं, मी त्यात अगर घालते. अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला पदार्थ, शहरातल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो तोच. ही युक्ती तिला जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. प्रयोगशाळेत अगर वापरलं आणि अडचण सुटली. आजही जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जंतू वाढवायला अगरच लागतं. पण कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात अगरचा उल्लेख आला, फॅनीचं नाव आलं नाही. बाईचं ज्ञान वापरायचं आणि नोंद ठेवायची नाही, ही तक्रार काही आपल्याच गावची नाही, बायांनो.

पुढं १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत चुकून बुरशी पडली. त्या बुरशीच्या भोवती जंतू उगवलेच नव्हते. मधे बुरशी आणि भोवती मोकळी जागा. त्यातूनच पेनिसिलिन निघालं. आज झाडाच्या अर्काची तपासणी होते ती याच धर्तीवर. काचेच्या बशीत अगरचा थर घालतात आणि त्यावर जंतू पसरतात. मग कागदाच्या लहान लहान चकत्या घेतात, टिकलीएवढ्या. एक चकती निंबाच्या अर्कात बुडवलेली, एक हळदीच्या, एक तुळशीच्या. एक चकती माहितीतल्या चांगल्या औषधाची. आणि एक चकती नुसत्या त्या पाण्याची किंवा स्पिरिटची, ज्यात अर्क काढला होता. बशी उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिली की जिथं अर्कानं जंतू रोखले तिथं चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. गोल पट्टीनं मोजतात. मग अर्क पातळ पातळ करत पाहतात, की किती कमी अर्कात काम भागतं.

यात सगळ्यात महत्त्वाची चकती कोणती? ती शेवटची, कोरी. समजा अर्क स्पिरिटमध्ये काढला आणि गोल दिसला, तर तो निंबामुळं की स्पिरिटमुळं? कोरी चकती नसेल तर काहीच सांगता येत नाही. आजीच्या कणगीशेजारी पाला न घातलेली दुसरी कणगी ठेवली असती, तर ती कोरी चकती झाली असती. ही एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी ती आपल्याला लागणार आहे.

आता निंबाकडे येऊ. आपल्या देशात निंबाची तपासणी स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाली होती. १९४२ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी निंबाच्या तेलातून त्यातले कडू घटक वेगळे काढले आणि त्यांना निंबिन, निंबिनिन, निंबिडिन अशी नावं दिली. १९६२ च्या टोळधाडीत दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारून पाहिलं, तर टोळ त्या पिकाला तोंड लावेनात. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतला आझाडिरेक्टिन नावाचा घटक वेगळा काढण्यात आला. कीड पानं खाईना होते आणि तिची वाढ थांबते ती मुख्यतः याच घटकामुळं.

याच सुमारास अमेरिकेच्या एका लाकूड व्यापाऱ्याचं लक्ष या झाडाकडे गेलं. रॉबर्ट लार्सन त्याचं नाव. भारतात निंबाचा उपयोग पाहून १९७१ मध्ये त्यानं बी अमेरिकेला नेलं, त्यापासून कीटकनाशक तयार केलं आणि त्याचे हक्क पुढं १९८८ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस या मोठ्या रसायन कंपनीला विकले. मग या कंपनीनं आणि अमेरिकेच्या सरकारी शेती खात्यानं मिळून युरोपात एका पेटंटसाठी अर्ज केला. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयानं ते मंजूर केलं.

पेटंट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. कोणी नवी वस्तू किंवा नवी रीत शोधली, तर सरकार त्याला ठरावीक वर्षांपुरता हक्क देतं की ही रीत दुसऱ्या कोणी धंद्यासाठी वापरू नये, वापरायची तर तुझी परवानगी घ्यावी. त्यासाठी दोन मुख्य अटी. रीत नवी हवी, आणि त्या विषयातल्या जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी नको.

आपल्याकडे तेव्हा बोललं गेलं की परक्यांनी निंबाच्या झाडाचंच पेटंट घेतलं, आता आपल्याला दातूनही करता येणार नाही. तसं नव्हतं. पेटंट झाडाचं नव्हतं, आणि ते युरोपापुरतं होतं. त्यात लिहिलं होतं ते असं: निंबोळीतून विशिष्ट पद्धतीनं तेल काढायचं, ज्यात आझाडिरेक्टिन जवळजवळ उरत नाही. ते तेल फवाऱ्यात ०.१ ते १० टक्के घ्यायचं, साबणासारखा पदार्थ घालून पाण्यात मिसळायचं, आणि पिकावरच्या बुरशीवर फवारायचं. या रीतीवर हक्क आमचा.

आता ही रीत नवी होती का? तेल, साबण, पाणी आणि फवारा. आपल्या कोणत्याही शेतकरणीला विचारा.

या पेटंटाला आव्हान दिलं ते तीन बायांनी. एक आपल्या देशाच्या वंदना शिवा. दुसऱ्या बेल्जियमच्या मॅग्डा आल्वूट, युरोपच्या संसदेतल्या हरित पक्षाच्या पुढारी. तिसऱ्या लिंडा बुलार्ड, सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेतर्फे. स्वित्झर्लंडचे कायद्याचे प्राध्यापक फ्रिट्झ डोल्डर त्यांचे वकील होते. १९९५ मध्ये त्यांनी हरकत दाखल केली. समोर अमेरिकेचं सरकार आणि एक बलाढ्य कंपनी.

इथं खरी अडचण होती. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, एवढं म्हणून पेटंट कार्यालयात भागत नाही. तिथं विचारतात, नेमकं काय माहीत होतं? तेल की पाल्याचा काढा? किडीवर की बुरशीवर? कोणी वापरलं, कुठं वापरलं, अर्जाच्या आधी वापरलं का, आणि लोकांना ते उघडपणे दिसलं का? निंब औषधी आहे, हे जुन्या ग्रंथांत सापडेल. पण तेलाचा फवारा करून पिकावरची बुरशी आटोक्यात आणली, अमुक साली, अमुक ठिकाणी, हे सांगणारं माणूस हवं होतं.

ते माणूस महाराष्ट्रात सापडलं. अभय फडके त्यांचं नाव. शेतीसाठी जैविक औषधं करणाऱ्या आपल्याकडच्या एका कंपनीचे ते व्यवस्थापक होते. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत त्यांनी पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतावर निंबाच्या अर्काची बुरशीवर चाचणी घेतली होती. म्हणजे अमेरिकेच्या अर्जाच्या चार-पाच वर्षं आधी. लपूनछपून नाही, शेतकऱ्यांच्या वावरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मे २००० मध्ये म्युनिकला दोन दिवस सुनावणी झाली, ९ आणि १० तारखेला. फडके तिथं जाऊन साक्ष देऊन आले. काय फवारलं, कुठं फवारलं, कोणत्या हंगामात, हे सांगितलं. उलटतपासणीत टिकले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं.

पेटंटवाल्यांनी अपील केलं. आणखी पाच वर्षं गेली. शेवटी अपील फेटाळलं गेलं आणि पेटंट कायमचं गेलं, तो दिवस होता ८ मार्च २००५. महिला दिन. तीन बायांनी दहा वर्षं लढलेला खटला नेमका महिला दिनी संपला. आपण दरवर्षी ८ मार्चला गटाचा कार्यक्रम घेतो, हळदीकुंकू करतो, भाषणं ऐकतो. पुढच्या वेळी ही गोष्टही सांगा.

हळदीचंही असंच झालं होतं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला हळदीनं जखम भरून येते यावर पेटंट मिळालं. वाचून हसूच येतं. विळा लागला की आपण पहिल्यांदा काय दाबतो? पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात दुसऱ्या देशातला तोंडी चालत आलेला वापर धरलाच जात नसे. छापलेला पुरावा लागत असे. तेव्हा दिल्लीच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, ज्यांना त्यांच्या आईनं मोठ्या कष्टानं शिकवलं. त्यांच्या संस्थेनं ३२ छापील दाखले गोळा केले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरलं. त्यानंतर आपल्या देशानं जुन्या ग्रंथांतलं औषधी ज्ञान संगणकावर, परदेशातल्या पेटंट कार्यालयांना वाचता येईल अशा भाषांत उतरवून ठेवायला घेतलं. २००२ मध्ये आपल्या पेटंट कायद्यातही तरतूद आली की परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळणार नाही.

पण मैत्रिणींनो, यातली एक गोष्ट मला खुपते. हळद जिंकली ती छापील लेखामुळं. निंब जिंकला तो दोन उन्हाळ्यांच्या चाचणीमुळं. कोट्यवधी आज्यांनी कणगीत पाला घातला, गोठ्यात धूर केला, विळ्याच्या जखमेत हळद भरली. त्यांच्या अनुभवाशिवाय ना फडक्यांनी निंब तपासला असता, ना अमेरिकेच्या व्यापाऱ्याचं तिकडे लक्ष गेलं असतं. पण कागदावर त्यातली एकही आजी नाही. ज्याची नोंद आहे, त्याचंच ज्ञान धरलं जातं. हे न्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. पण असं आहे, आणि आपण ते ओळखून वागलं पाहिजे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भाषण अर्धवट राहील. काचेच्या बशीत गोल दिसला म्हणजे औषध सापडलं, असं नाही. बशीतला जंतू आणि माणसाच्या पोटातला जंतू यांत फार अंतर आहे. मीठ, साबण, मिरचीचा ठेचा, यांनीही बशीत जंतू रोखले जातील. म्हणून कोणी ते तापावर देत नाही. अर्क शरीरात गेल्यावर तो जंतूपर्यंत पोचतो का, किती पोचतो, आणि आपल्यालाच बाधतो का, हे सगळं तपासायचं राहतं. त्याला वर्षं लागतात, आणि पुष्कळ अर्क त्यात गळून पडतात.

चीनच्या तू यूयू यांची गोष्ट ऐका. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्यावर मलेरियावर औषध शोधायचं काम आलं. त्यांच्या गटानं जुन्या पोथ्यांतून आणि वैद्यांकडून २००० च्या आसपास नुसखे गोळा केले आणि शेकडो अर्क करून पाहिले. एका रानटी वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी चालायचा नाही. तेव्हा त्यांना सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका पोथीत वाचायला मिळालं की ही वनस्पती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायचा. म्हणजे उकळल्यानं गुण जात होता. त्यांनी उष्णता न देता अर्क काढला आणि तो लागू पडला. माणसांना देण्याआधी तो बाधत नाही ना, हे पाहायला त्यांनी स्वतः तो घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बघा, भिजवायचं की उकळायचं, एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून होतं. म्हणून आजीला विचारताना नुसतं कोणतं झाड एवढं विचारू नका. कोणत्या महिन्यात तोडलं, ओलं की वाळलं, कुटलं की उकळलं, किती घेतलं, हेही विचारा.

आणि निंब आपला आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे असंही नाही. निंबाचं तेल लहान लेकराला पाजल्यामुळं गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. १९८१ मध्ये मलेशियातल्या डॉक्टरांनी त्या वैद्यकीय मासिकात छापल्या. तेव्हा बाळाला जंत झाले म्हणून चमचाभर तेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दवाखान्यात न्या. गरोदर बाईनंही निंबाचं तेल किंवा काढा पोटात घेऊ नये.

हे सगळं मी पांढरकवड्याच्या बायांना का सांगते? कारण आपल्या जिल्ह्यानं २०१७ चा हंगाम पाहिला आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा अंगावर येणारा, दोन-तीन औषधं एकत्र केलेली. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातल्या बाईला आज वावर आणि लेकरं दोन्ही एकटीनं सांभाळावी लागतात. निंबोळी अर्कानं हे सगळं सुटेल, असं मी सांगणार नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की अर्क तिथं पोचत नाही. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर, सुरुवातीच्या दिवसांत, कृषी खातंही निंबोळी अर्काची शिफारस करतं. एक-दोन विषारी फवारण्या टळल्या, तरी ते थोडं नाही.

तर या मृगात आपल्या गटानं एक काम करावं, अशी माझी विनंती आहे. निंबोळ्या वेचा. गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा. ओल्या ठेवल्या तर त्यांनाच बुरशी लागते. बारीक कुटून ५ किलो पावडर घ्या, ८-१० लिटर पाण्यात रात्रभर भिजू द्या. सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर पाणी करा. हा झाला ५ टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरा, आणि फवारणी उन्हं उतरल्यावर करा, कारण उन्हानं त्यातला गुण उडतो. घरगुती असला तरी तोंडाला फडकं बांधा.

पण सगळं वावर फवारू नका. इथं आपली कोरी चकती येते. पऱ्हाटीच्या आठ तासांवर अर्क फवारा. बाजूच्या आठ तासांवर नुसतं साबणाचं पाणी फवारा, तेवढंच. फवारणीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांवर एक वरचं, एक मधलं, एक खालचं, अशी तीन-तीन पानं उलटून मावा आणि तुडतुडे मोजा. तिसऱ्या दिवशी मोजा, सातव्या दिवशी मोजा. लेकीच्या जुन्या वहीत तारीख, वावर, आकडा, पाऊस झाला की नाही, असं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या आणि खाली गटातल्या दोघींची सही नाहीतर अंगठा घ्या. एका बाईच्या वावरात फरक दिसला तर तो योग असू शकतो. दहा बायांच्या वावरांत दिसला तर तो पुरावा. आणि फरक दिसला नाही, तर तेही तितकंच कामाचं. तेही लिहा, लपवू नका.

दुसरं एक काम. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडं, पिकं, जनावरं आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेलं ज्ञान तिच्यात लिहायचं असतं. बाहेरच्या कंपनीनं आपल्या भागातली वनस्पती धंद्यासाठी नेली, तर त्या फायद्यातला वाटा गावाला मिळावा अशी सोय याच कायद्यात आहे. ही वही आपल्या ग्रामपंचायतीत आहे का, ते येत्या ग्रामसभेत विचारा. असेल तर वाचून दाखवा म्हणा. तिच्यात बायांनी सांगितलेलं किती आहे, ते बघा. सुईणीचं, कोलाम म्हातारीचं, गुरं राखणाऱ्या आजीचं आलं आहे का? नसेल तर लिहून घ्या म्हणा. मात्र सांगणारीला आधी विचारा. एखादं औषध तिला उघड करायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे. आणि ज्या झाडाची साल किंवा मूळ काढल्यानं झाड मरतं, त्याचं ठिकाण जाहीर करू नका.

फॅनी हेसचं नाव कॉखच्या लेखात आलं नाही. ते जगाला कळायला पुढं पुष्कळ वर्षं लागली. आपल्या आज्यांची नावं कोणत्याच लेखात नाहीत. पण ज्या अजून आपल्यात आहेत, त्यांची नावं गावाच्या वहीत लिहिणं आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी भाकरी थापताना सासूला किंवा आईला एवढंच विचारा: माय, तू निंबाचा पाला कशाकशाला वापरायचीस, आणि कसा? ती सांगेल ते लिहून ठेवा. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख घाला.